लाइट फ्रॉम अनकॉमन स्टार्स : सैतान, डोनट, स्पेसशिप आणि एका ट्रान्स मुलीचं व्हायोलिन

रायका आओकीची ही कादंबरी २०२१ मध्ये टॉर बुक्सने काढली, इंग्रजीत आहे, पुढच्या वर्षी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांसाठीच्या ह्युगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. मी आधीच सांगून टाकते, संगीतावरच्या कल्पित गोष्टींमध्ये वाजवणाऱ्या माणसाची बोटं, मान, खांदा आणि पोटातली भीती इतकी बरोबर पकडलेली मी फार कमी ठिकाणी वाचलीय. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो स्पेसशिपवाल्या भागासाठी, त्यावर खाली बोलतेच.

मी सोलापुरात व्हायोलिन शिकवते, त्यामुळे व्हायोलिनबद्दल जास्त बोलणार.

आता गोष्ट ऐका, आणि अर्ध्यात ‘काय बे हे’ म्हणून सोडून देऊ नका. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन गॅब्रिएल व्हॅली म्हणून भाग आहे, चिनी, व्हिएतनामी, मेक्सिकन अशा बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांची मोठी वस्ती. तिथली शिझुका सातोमी ही व्हायोलिनची नामांकित गुरू, लोक तिला नरकाची राणी म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही, तिने खरोखरच नरकाशी करार केलाय. सात हुशार वादकांचे आत्मे आणून द्यायचे, नाहीतर तिचा स्वतःचा जाणार. सहा देऊन झालेत. सातवा बाकी आहे, मुदत संपत आलीय, आणि ट्रिमॉन फिलिप नावाचा नरकाचा वसुलीवाला मधूनमधून येऊन आठवण करून देतो. दुसरीकडे कॅट्रिना नुयेन, ट्रान्स मुलगी, म्हणजे जन्मताना मुलगा ठरवलेली पण आहे मुलगी, वय कमी, बापाच्या मारातून पळून आलेली, सोबत काय तर व्हायोलिन, हॉर्मोनच्या गोळ्या आणि लॅपटॉप. ही मुलगी व्हिडिओ गेममधलं संगीत व्हायोलिनवर बसवते आणि नेटवर टाकते, तेच तिचं शिक्षण आणि तेच तिचं स्टेज. तिसरीकडे लॅन ट्रॅन, ही तर दुसऱ्या ग्रहमंडळातून मुलाबाळांना घेऊन पळून आलेली कॅप्टन, आता डोनटचं दुकान चालवते, आणि दुकानाच्या आडून तारामंडळाकडे जायचं दार बांधण्याचं काम चालू असतं.

आपल्याकडे विज्ञानकथा एका कपाटात आणि भुताखेताच्या कथा दुसऱ्या कपाटात असतात, इथे दोन्ही एकाच पानावर भेटतात आणि वर शिझुका आणि लॅन या दोन प्रौढ बायकांचं प्रेमही आहे, तेसुद्धा कसलाही गाजावाजा न करता, दोघी आधी एकमेकींशी बोलतात, खातात, शांत बसतात, मग हळूहळू जमतं. ऐकताना खिचडी वाटते, वाचताना वाटत नाही, कारण तिघींचा प्रश्न एकच आहे, आपलं घर मागे टाकून आलेल्या माणसाने इथे स्वतःचा आवाज कसा लावायचा.

‘आवाज लावायचा’ हे मी मुद्दाम म्हणतेय, कारण मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटते. आपल्याकडे गाण्याच्या क्लासला मूल गेलं की पहिली गोष्ट काय होते, बाई पेटीवर सूर देतात आणि पट्टी ठरते. मुलगे, पुरुष असतील तर काळी एक, पांढरी दोन असं काहीतरी, बायका मुली असतील तर काळी चार, काळी पाच. इतकं ठरलेलं असतं की कोणी विचारतसुद्धा नाही, दारातून आत येणाऱ्याकडे बघूनच बाईंचं बोट त्या पट्टीवर जातं. आता यात एक ट्रान्स मुलगी आणून बसवा. वयात येताना एकदा आवाज फुटला की इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी तो परत वर जात नाही, हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स मुलांचा आवाज खाली उतरतो, पण उलट दिशेने औषध काम करत नाही, तिथे नुसता सराव, महिनोन्‌महिने, गळ्याचा. म्हणजे ती बिचारी ड्रेस घालून, केस वाढवून, घरच्यांशी भांडून, सगळं धैर्य गोळा करून क्लासमध्ये येते आणि पहिल्या ‘सा’लाच पकडली जाते.

व्हायोलिनला हा प्रश्नच नाही! तारा कुठल्याही पट्टीत लावा, तिला बाई नाही पुरुष नाही. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार या मंडळींनी हे परदेशी वाद्य मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून गळ्यासारखं गायला लावलं, आणि त्याचा आवाज खालच्या तारेवर भारदस्त आणि वरच्या तारेवर बारीक, मधे कुठेही कुंपण नाही. कॅट्रिना व्हायोलिनला का चिकटून आहे हे कादंबरी आडून आडून सांगते, पण मला तरी पहिल्या काही पानांतच कळलं, कारण तिच्यासारखी एक माझ्याकडे येते.

तिच्याबद्दल थोडंच लिहिते, नाव गाव काही सांगणार नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली आहे, घरी तेलुगू बोलतात, घरात यंत्रमाग. आधी एका गाण्याच्या क्लासला जायची, तिथे तिला पोरांच्या रांगेत बसवून पोरांच्या पट्टीत गायला लावलं, नंतर ‘आवाज नीट काढ’ म्हणून सगळ्यांसमोर बोलले, तिने गाणं सोडलं. व्हायोलिनचा रियाज ती मागाच्या शेडमध्ये करते. माग चालू असताना तिथे शेजारच्याला शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कोणी विचारत नाही काय वाजवतेस, कशाला वाजवतेस, तिला स्वतःलासुद्धा नीट ऐकू येत नाही, हनुवटीखालच्या लाकडातून हाडाला जे जाणवतं त्यावर सूर लावते. आणि खरं सांगते, तिचे सूर क्लासमधल्या कुणाहीपेक्षा पक्के आहेत. ती हनुवटीखाली धरूनच वाजवते, मी मांडीवाली पद्धत शिकवते तरी, कारण तिला तो हाडाला लागणारा आवाज हवा असतो. मी आता आग्रह धरत नाही.

तर हे पुस्तक मी तिला वाचायला दिलं, इंग्रजी अवघड जाईल का ही शंका होती, पण पोरीने मोबाइलवर शब्द बघत बघत वाचलं. परत भेटल्यावर म्हणाली, “ताई, ती नुसतं स्केल वाजवती ना, तिथं मला रडू आलं ओ. मोठं गाणं वाजवती तिथं नाही.” मी विचारलं, का गं? “तिथं तिला कुणी बघायला नाही, तरी वाजवती.”

मला जे सांगायचंय ते हेच. ट्रान्स किंवा क्वीअर लोकांचं बंड संगीतातून दाखवायचं म्हटलं की बहुतेक कल्पित गोष्टी स्टेज पकडतात. चमकते कपडे, परग्रहावरून आलेला रॉकस्टार, गर्दी, घोषणा. ते वाईट नाही, त्याचीही परंपरा मोठी आहे. अमेरिकन गायिका जनेल मोने हिचा २०१८ चा ‘डर्टी कम्प्युटर’ अल्बम आणि त्यासोबतची फिल्म घ्या, त्यात वेगळं प्रेम करणाऱ्या माणसांना ‘घाण झालेले कम्प्युटर’ ठरवून त्यांची स्मृती पुसायचं काम चालतं, आणि पुसताना एकेक आठवण समोर येते ती गाण्याच्या रूपात येते, म्हणजे पुसणारे जे मिटवायला बसलेत ते गाणंच त्यांच्या स्क्रीनवर वाजत राहतं. जबरदस्त आहे ते, बघाच. आणि कल्पित दुनियेच्या बाहेरचं एक उदाहरण, भविष्याचा आवाज म्हणून सिनेमात जे इलेक्ट्रॉनिक संगीत आपण ऐकत आलो त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये वेंडी कार्लोस आहे, १९६८ मध्ये ‘मूग’ नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या वाद्यावर, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजवून तिने सगळ्यांना हलवलं, १९८२ च्या ‘ट्रॉन’ सिनेमाचं संगीत तिचं, ती ट्रान्स बाई आहे, आणि ते जाहीरपणे सांगायला तिला १९७९ पर्यंत थांबावं लागलं. इतका काळ लोक तिचा आवाज ऐकत होते पण तिला बघत नव्हते.

आओकीने मात्र बंड स्टेजवरून उचलून रियाजाच्या खोलीत नेऊन ठेवलंय. कॅट्रिनाला शिझुकाच्या घरी राहायला खोली मिळते, अॅस्ट्रिड नावाची घर सांभाळणारी बाई तिला जेवायला वाढते, कोणी ओरडत नाही, तिला ‘ती’च म्हणतात आणि त्याचा कुणी इव्हेंट करत नाही. पण ही पोर घाबरलेलीच, सतत वाट बघत असते की आता हाकलतील, आता मारतील, आता काहीतरी मागतील. ते सगळं अंगात घेऊन ती बोटांचे व्यायाम करते, स्केल वाजवते, आणि तिच्या अंगात मारामुळे जी आकसण बसलीय ती खांद्यातून, बो म्हणजे गज धरलेल्या मनगटातून कशी सुरात उतरते आणि मग कशी हळूहळू सुटते, हे लेखिकेने फार बारीक दाखवलंय. शिकवणाऱ्या माणसाने ही पानं वाचावीतच. मूल चुकीचा सूर का लावतंय याचं उत्तर दर वेळी बोटात नसतं, घरात असतं.

आता नरकाच्या करारावर. व्हायोलिन आणि सैतानाचं नातं युरोपात जुनं आहे. इटलीचा व्हायोलिनवादक पॅगानिनी इतकं अचाट वाजवायचा की लोक म्हणायचे याने आत्मा विकलाय, १८४० मध्ये तो नीसला वारला तेव्हा तिथल्या चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरायला नकार दिला आणि त्या देहाची कित्येक वर्षं फरपट झाली. त्याच्या आधीच्या तार्तिनी या व्हायोलिनवादकाची तर गोष्टच आहे की सैतानाने स्वप्नात येऊन वाजवून दाखवलं. आओकीने हा सगळा मालमसाला घेतलाय पण वापरलाय कसा बघा. सैतानाचा धंदा हावेवर चालतो. तुला कीर्ती हवी, तुला टाळ्या हव्यात, तुला पहिला नंबर हवा, दे आत्मा. शिझुकाच्या आधीच्या सहा शिष्यांना ते हवं होतं. कॅट्रिनाला काय हवंय? रात्री झोपायला सुरक्षित जागा, स्वतःचं नाव, आणि वाजवू देतील एवढंच. शिवाय जिला लहानपणापासून ऐकवलंय की तू पापी, तू नरकात जाणार, तिला नरकाची भीती नव्याने काय घालणार? वाचताना मला वाटत राहिलं की हा सौदा पहिल्यांदाच अशा माणसाशी चाललाय जिच्याकडून लोकांनी आधीच सगळं काढून घेतलंय, आणि तिथे सैतानाचं गणित बिघडतं. हे लेखिका भाषण देऊन सांगत नाही, शिझुकाच्या मनात जी चलबिचल सुरू होते तिच्यातून कळतं. शिझुकाचं पात्र मला कॅट्रिनाइतकंच आवडलं, सहा मुलं जिने नरकाला दिली तिच्याबद्दल मला माया कशी वाटली हे पुस्तक संपल्यावरही विचार करतेय.

इथे मला आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहिलं नाही. ट्रान्स माणसाच्या हातात वाद्य, ही गोष्ट आपल्या भागाला नवीन नाही. यल्लम्माचे जोगते काखेत चौंडकं धरून तार छेडत दारोदार जातात, पलीकडे कर्नाटकात जोगप्पा, सौंदत्तीच्या डोंगरावर त्यांचा मेळा. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्त्यात आराध्यांची गाणी ऐकलीच असतील, त्यातही साडी नेसलेला, मळवट भरलेला गडी दिसतो आणि आपण हात जोडतो. मंजम्मा जोगतींचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल, बळ्ळारी भागातल्या, ट्रान्स म्हणून घरातून तुटलेल्या, जोगती नृत्यावर आयुष्य काढलं, कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२१ मध्ये पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या तेव्हा पुरस्कार घेण्याआधी पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ देशभर फिरला. मी तो कितीदा बघितला असेल. त्या हातात जो अधिकार आहे तो कुठल्या कागदाने आलेला नाही.

पण त्याच वेळी हेही खरं की आपण या आवाजाला जागा दिली ती देवीच्या नावाने दिली. परडी हातात असेल, कपाळावर भंडारा असेल तर दार उघडतं, पाच दहा रुपये मिळतात, पाया पडतात. तीच बाई परडी घरी ठेवून खोली भाड्याने मागायला आली की खोली गेलेली असते. गाणं देवीचं असेल तर चालतं, तिचं स्वतःचं असेल तर काय? माझ्या त्या विद्यार्थिनीला घरच्या एका नातेवाइकाने हेच सुचवलं होतं, आता असं आहेच तर देवाचं काहीतरी गात जा, लोक मान देतील. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी क्लासला येऊन एका सिनेमाचं गाणं वाजवायला घेतलं. कॅट्रिना गेमचं संगीत वाजवते ते मला म्हणून इतकं महत्त्वाचं वाटतं. ते ना देवाचं, ना शास्त्रीय परंपरेचं, ना कुणी मान्यता दिलेलं, शहाणी माणसं ज्याला पोरखेळ म्हणतील असं, पण ते तिने स्वतः निवडलेलं. शिझुका, जी जगातल्या सगळ्यात कडक परंपरेतून आलीय, ती हे संगीत ऐकून नाक मुरडत नाही, तिला त्यात काय आहे ते ऐकू येतं, आणि गुरूने शिष्याच्या आवडीसमोर कान उघडे ठेवून बसणं हे मला पुस्तकातलं सगळ्यात सुंदर दृश्य वाटलं. जोगतीच्या चौंडक्याला मी कमी लेखत नाहीये, त्या बायकांनी आमच्यासाठी दार उघडं ठेवलं. पण देवीच्या परवान्याशिवायसुद्धा वाजवता यावं की नाही? असल्या प्रश्नासाठीच मला कल्पित साहित्य आवडतं, जे अजून आपल्या गल्लीत झालेलं नाही ते झालंय असं धरून ते पुढे चालायला लागतं.

कॅट्रिनाचे व्हिडिओ लोकप्रिय होतात तेव्हा खाली कमेंट येतात, त्यात कौतुक असतं आणि त्यात ‘हा पुरुष आहे’ वगैरे घाणही असते. ती पानं वाचताना वेळ घ्या. लेखिका स्वतः ट्रान्स आहे, कवयित्री आहे, संगीत रचते, शिकवते, त्यामुळे हे सगळं आतून आलंय हे जाणवतं, आणि ती कॅट्रिनाला कुठेही दयेचा विषय करत नाही.

कादंबरीतल्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या लुसी मातियाबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत कारण रिव्ह्यूंमध्ये तिला कोणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन बनवणारं, दुरुस्त करणारं घराणं, पाटीवर नाव ‘मातिया आणि पुत्र’, विद्या बापाकडून मुलाकडे जाणार, मुलीचा हिशेबच नाही. आणि आता दुकान चालवायला उरली ही लुसी, जिला कोणी धड शिकवलंच नाही, म्हणून ती स्वतःला नेहमी अर्धीमुर्धी कारागीर समजते. कॅट्रिनाचं साधंसुधं व्हायोलिन तिच्याकडे येतं. व्हायोलिनच्या पोटात एक छोटी लाकडी दांडी असते, साउंडपोस्ट, ती कुठे चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर उभी असते, केसभर इकडची तिकडे झाली तर आवाज बदलतो आणि पडली तर आवाज मरतोच. सोलापुरात हे काम करणारा माणूस शोधायचा म्हणजे किती फिरावं लागतं ते आम्हालाच माहीत, पुण्याला पाठवावं लागतं, म्हणून लुसीची प्रकरणं वाचताना मी अक्षरशः हात थांबवून वाचत होते. तिथे बंड कुठलं तर जिला वारसा नाकारला तिने हत्यार हातात घेणं. कॅट्रिनाच्या गोष्टीला ही गोष्ट समांतर जाते आणि एका अर्थाने पूर्ण करते, एकीला आवाज हवाय आणि दुसरीला तो दुरुस्त करायचा हक्क.

आता न आवडलेलं. लॅनचा अंतराळवाला भाग पातळ आहे. मोठमोठी साम्राज्यं कोसळताहेत, कसला तरी अंत सगळीकडे पसरतोय, हे सगळं दोन चार संवादांत उरकलंय, विज्ञानकथेची आवड असणाऱ्याला तिथे भूकच राहील. लॅनचा मोठा मुलगा मार्कस, त्याचा राग, त्याची हिंसा हे प्रकरण तर घाईघाईत गुंडाळलंय असं मला वाटलं, इतकं गंभीर काढलं तर त्याला जागा द्यायला हवी होती. एकाच परिच्छेदात लेखिका तीन तीन लोकांच्या डोक्यात शिरते, सवय होईपर्यंत कोण विचार करतंय तेच कळत नाही, इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्याला हे जड जाईल. पण याच भागात शर्ली आहे, लॅनची मुलगी, जी हाडामांसाची नाही, प्रोग्रॅम आहे, प्रकाशाची बनलेली, आणि तिच्या आईलाच अधूनमधून प्रश्न पडतो की हिला खरी मुलगी म्हणायचं का. ही जागा वाचताना लेखिका कुणाबद्दल बोलतेय ते न सांगता समजतं. दुकानातले डोनट मशीनमधून हुबेहूब नक्कल होऊन निघतात, चव तीच, पण काहीतरी कमी, तो धागाही संगीताला चांगला जोडलाय. खाण्याचं वर्णन इतकं आहे, इतकं आहे की रात्री वाचायला बसू नका, मी उठून कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन बसले होते.

आणि हे आधी सांगायला हवं होतं कदाचित, पुस्तकात घरातली मारहाण आहे, लैंगिक हिंसा आहे, पोट भरण्यासाठी कॅट्रिनाला कॅमेऱ्यासमोर काय काय करावं लागतं तेही आहे, आणि शिव्या आहेत. लहान मुलांना देऊ नका. ज्यांनी असं काही सोसलंय त्यांनी सोबत कोणीतरी असताना वाचा, पहिला भाग जड आहे, पुढे हळूहळू हवा मोकळी होते. घरात एखादं मूल असं असेल आणि त्याच्याशी कसं बोलावं हे आईबापाला कळत नसेल तर त्यांनी जरूर वाचावं, किमान शिझुकाच्या घरातली प्रकरणं तरी. क्लास चालवणाऱ्यांनी तर नक्कीच. मी हे वाचल्यापासून नव्या मुलाला पट्टी मी ठरवत नाही, आधी गुणगुण म्हणते, जिथे त्याचा आवाज आपणहून बसतो तिथे ‘सा’ धरते. मराठीत कोणीतरी हे पुस्तक आणायला हवं, आणि आणणाऱ्याला थोडं तरी वाद्य कळायला हवं.

मिळायचं म्हणाल तर ऑनलाइन मागवावं लागेल, ई-बुकही आहे आणि ऑडिओबुकही, पण मी म्हणेन छापील घ्या, मागे पुढे करावं लागतं.

एक सूचना करते. कादंबरीत बार्टोकचा एकट्या व्हायोलिनसाठीचा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची एक रचना, येतो, तो आधी ऐकून ठेवा. बेला बार्टोक हा हंगेरीचा, युद्धामुळे देश सोडून अमेरिकेत आलेला, आजारी, पैशाची ओढाताण, अशा अवस्थेत १९४४ मध्ये त्याने हे व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिनसाठी लिहिलं, मेनुहिनने त्याच वर्षी न्यूयॉर्कला वाजवलं आणि पुढच्या वर्षी बार्टोक गेला. वाजवायला भयंकर अवघड. शेवटच्या भागात त्याने पाव सूर लिहिले होते, म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधले, पेटीवर जे निघूच शकत नाहीत ते, पण मेनुहिनने तयार केलेल्या छापील प्रतीत ते नेहमीच्या सुरांवर आणून ठेवले गेले. आता काही वादक मूळचे पाव सूर परत वाजवतात, दोन्ही रेकॉर्डिंग यूट्यूबवर शोधा, हेडफोन लावून एकापाठोपाठ ऐका, फरक कळेल. शेवटची प्रकरणं त्यानंतरच उघडा, कारण लेखिका तिथे सूर समजावून सांगत बसत नाही, थेट वाजवायलाच लागते.